कारल्याचा नेम आणि तीनचा चहा

बसा मंडळी, ऐसपैस बसा. ज्यांना टेकायला खांब मिळाला त्यांनी मागच्या जन्मी काहीतरी केलेलं आहे. बाकीच्यांनी पुढच्या जन्मासाठी आजपासून लवकर यायला लागावं. पूर्वरंगात ब्रह्म झालं, माया झाली. कुणाला ती कळली नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी चाळीस वर्षं सांगतोय, मलाही दर वर्षी थोडी थोडीच कळते. आता उत्तररंग. आता गोष्ट.

बघा, गोष्ट म्हटल्याबरोबर चौघे जागे झाले.

गोष्टीआधी एक प्रश्न. उद्या आषाढी एकादशी. उद्यापासून चातुर्मास. उद्या तुम्ही देवापुढे बसणार, पळीभर पाणी ताम्हनात सोडणार आणि म्हणणार, देवा, चार महिने मी अमुक सोडलं. कुणी कांदा-लसूण सोडेल, कुणी वांगं सोडेल, कुणी गादी सोडून चटईवर झोपेल आणि आठव्या दिवशी कंबर धरून वैद्याकडे जाईल. चांगलं आहे. पण मंडळी, सोडायचं ते नेमकं काय? जे आपल्याला मुळातच नको होतं, ते सोडलं तर देवाला पोचतं का? आणि नेम आपण करायचा, पण त्याच्यापायी झिजायचं कुणी?

सांगा की. कुणीच बोलत नाही. तिकडे बायकांच्या बाजूला कुणीतरी हसलं, ते मी ऐकलं. त्यांना उत्तर माहीत दिसतंय. पण आपण त्यांना कुठे विचारतो? आपण आपल्या पद्धतीनं जाऊ, म्हणजे लांबून.

ऐका तर. गाव कडेपिंपळ. तुमचं गाव नाही, निश्चिंत असा. नदीकाठी लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळामागं आळी, आणि आळीत तिसरं घर दामोदरपंत निगुडकरांचं. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण ते ऑफिसातून, हेडक्लार्कपणातून नाही. ते कुणी निवृत्त होत नसतं. घरी दोनच माणसं. दामोदरपंत आणि प्रमिलाकाकू. मुलगा-सून बडोद्याला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली.

दामोदरपंत फार नेमाचे. देवळात त्यांनी ‘नेमकरी मंडळ’ काढलं, स्वतःच अध्यक्ष झाले, आणि भिंतीवर एक पाटी लावली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. कलम एक : नेम मोडल्यास पहिल्या दिवसापासून पुन्हा चार महिने. कलम दोन : ज्याच्यामुळे मोडला, त्याने ते चार महिने नेमकऱ्याची सेवा करावी. खाली सही, शिक्का. देवाच्या देवळात शिक्का, मंडळी. नारायण शेषावर पडल्या पडल्या रोज ती पाटी वाचायचा.

पाटी नुसती लावण्यापुरती नव्हती. गिरणीवाले बापू शेटे, त्यांनी एका चातुर्मासात कांदा सोडला. भाद्रपदात जावई आला, त्यानं हातगाडीवरची भजी घेतली आणि प्रेमानं सासऱ्याच्या तोंडात घातली. दामोदरपंत समोरून छत्री घेऊन येत होते. झालं. बापूंचा कांदा भाद्रपदापासून पुन्हा चार महिने बंद, म्हणजे थेट पौषापर्यंत. आणि जावयाला सेवा. जावई कुठला? लासलगावचा. धंदा कशाचा? कांद्याचा. तो बिचारा दर एकादशीला एसटीनं बिनकांद्याचा डबा घेऊन यायचा. गोण्यांवर बसून सौदे करणारा माणूस, पिशवीत दुधीची भाजी. वाटेत प्रवासी विचारायचे, डब्यात काय? तो म्हणायचा, ‘शिक्षा.’

आता तुम्ही विचाराल, एवढे कडक दामोदरपंत स्वतः काय सोडायचे?

कारलं.

एकतीस वर्षं. दर आषाढीला पळीभर पाणी आणि खणखणीत आवाज : ‘चार महिने कारलं वर्ज्य.’ लोकांना वाटायचं, काय हा निग्रह. आता आतली गोष्ट सांगतो. दामोदरपंतांनी मुंजीत एकदा कारलं खाल्लं होतं. त्यानंतर बाकीचे आठ महिनेही त्यांच्या घरात कारलं शिरलेलं नाही. प्रमिलाकाकूंना कारल्याची भाजी आवडायची, गूळ-चिंचेची, कुरकुरीत. लग्नानंतर त्यांनी ती चार वेळा खाल्ली, चारही वेळा माहेरी.

आणि नेम संपला की सोडलेली वस्तू दान द्यायची असते ना, तर दर कार्तिकी द्वादशीला देवळाच्या गुरवांना दोन किलो कारली. गुरव तोंडानं आशीर्वाद द्यायचे. चेहऱ्याचं त्यांच्या हातात नव्हतं.

हसू नका. तुमच्यातले कितीजण उद्या ‘परान्न सोडलं’ म्हणणार आहेत ज्यांना वर्षभरात कुणी जेवायलाच बोलावत नाही, ते मला माहीत आहे.

असो. तर गेल्या वर्षीची आषाढी. दामोदरपंतांनी बत्तिसाव्यांदा कारलं सोडलं. त्या वर्षी त्यांचा मान होता. एकही खंड न पडता इतकी वर्षं नेम, म्हणून कार्तिकीला देवळातर्फे शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. ते प्रसन्न होते. बाकीच्यांचे नेम वहीत उतरवून घेत होते. आणि सगळ्यात शेवटी प्रमिलाकाकू पुढं आल्या.

एक्केचाळीस वर्षांत त्या कधी पुढं आल्या नव्हत्या. नवऱ्याचा नेम म्हणजे बायकोचाही धरायचा अशी पद्धत. बसल्या, पळी घेतली आणि म्हणाल्या, ‘दुपारी तीनचा चहा. कप हातात असेपर्यंत उठणं सोडलं.’

दामोदरपंतांची पेन्सिल थांबली. ‘काय सोडलं?’

‘उठणं.’

‘असा नेम असतो होय?’

‘कारल्याचा असतो, तर उठण्याचा का नसावा? मी चार महिने सोडतेय. आवडीचं नाही, पण सवयीचं आहे.’

बापू शेटे मागून म्हणाले, ‘लिहा अध्यक्ष. पाणी सुटलं.’

पाणी सुटलं होतं. लिहावं लागलं.

आता मंडळी, ह्या नेमाची गंमत कळायला तुम्हाला निगुडकरांच्या घरात तीन वाजता जावं लागेल. तीन वाजता प्रमिलाकाकूंचं सगळं आवरलेलं असे. भांडी पालथी, ओटा पुसलेला. मग त्या आलं ठेचून, मागच्या अंगणातली गवती चहाची दोन पाती घालून एक कप चहा करायच्या, आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायच्या. समोर जास्वंद. तिच्यावर एक शिंजीर यायचा, एवढासा, निळा-जांभळा, आणि फुलात उलटा लटकून चोच घालायचा. काकू कप तोंडाला लावायच्या. आणि पुढच्या ओसरीतल्या झोपाळ्यावरून हाक यायची :

‘अगं, माझा चष्मा?’

उठायच्या. चष्मा कपाळावर असायचा.

दुसरा घोट. ‘अगं, कालचा पेपर कुठाय?’ उठायच्या. पेपर बुडाखाली असायचा.

तिसरा घोट. ‘अगं, बाहेर कोण आलंय बघ.’ मंडळी, बाहेर कोण आलंय ते बघायला मागच्या दारातून पुढं यायचं. आणि झोपाळा होता पुढच्या दारापासून तीन पावलांवर.

परत जावं तर चहावर साय. ती काडीनं काढायची आणि थंड पाणी प्यावं तसा प्यायचा. एक्केचाळीस वर्षं. त्यांनी आयुष्यात हजारो कप गरम चहा केला. गरम प्यायला एकही मिळाला नाही. त्यांना दागिना नको होता, काशीयात्रा नको होती. एक कप चहा हवा होता, शेवटच्या घोटापर्यंत गरम. एवढंच मागणं. आणि दामोदरपंत वाईट माणूस होते का? अजिबात नाही. त्यांनी कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पगार घरात आणून दिला. फक्त ते कधी उठले नाहीत.

आतून आल्याचा वास येतोय बघा, तुमच्या देवळातून. माझं लक्ष उडतंय. असो.

तर आषाढ सुरू झाला. पहिल्याच दुपारी हाक गेली, ‘अगं, नेलकटर?’

मागून उत्तर, ‘कप हातात आहे.’

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. मग दामोदरपंत उठले. घर आपलंच, पण ते अशा चेहऱ्यानं फिरायला लागले जसा परगावचा माणूस एसटी स्टँडवर फिरतो. पाऊण तासानं नेलकटर सापडलं. फडताळात. तिथंच ते सत्तावीस वर्षं होतं.

श्रावण आला. ऊनपाऊस, भिंतीवर जिवतीचा कागद, शुक्रवारी पुरण. बाकी दिवसभर काकू उठतच होत्या हं, मंडळी, गैरसमज नको. सणाचा स्वयंपाक, सोवळं, सवाष्ण, सगळं होतं. चोवीस तासांतली फक्त वीस मिनिटं त्यांची होती. त्या वीस मिनिटांत त्यांनी काय काय पाहिलं माहितीये? शिंजीर एकटा नसतो, त्याची मादी असते, रंगानं मळकी, ती आधी येऊन फूल बघून जाते. गोगलगाय भिंत चढायला सोमवार ते बुधवार घेते. ऊन पायरीवरून सरकत अंगठ्याशी आलं की सव्वातीन वाजतात. आणि एक दिवस त्या देवळात मला भेटल्या. मी त्या वेळी तिथं श्रावणातल्या कीर्तनाला होतो. प्रदक्षिणा घालता घालता थांबल्या. म्हणाल्या, ‘बुवा, एक सांगू का?’

मला वाटलं, शंका असेल काही. द्वैत, अद्वैत.

म्हणाल्या, ‘चहाचा शेवटचा घोट सगळ्यात गोड असतो. साखर तळाशी राहते ना. मला माहीतच नव्हतं.’

आणि गेल्या प्रदक्षिणेला. मंडळी, मी तेवढ्यासाठी त्या दिवशीचं निरूपण बदललं असतं, पण मला ते त्या वेळी कळलं नाही. मी म्हटलं, वा, छान. आपण छान म्हणतो ना, तसं.

भाद्रपद गेला. गौरी आल्या, तेरड्याच्या पावलांनी आल्या, जेवल्या, गेल्या. दामोदरपंत हळूहळू शिकत होते. म्हणजे हाक मारणं थांबलं नव्हतं. हाक मारून मग ‘हां हां, कप’ असं स्वतःच पुटपुटून उठण्यापर्यंत प्रगती झाली होती. आळीत मात्र सांगत, ‘हिचा नेम मी पाळून घेतोय. कडक लक्ष आहे माझं.’ म्हणजे बघा, उपास दुसऱ्याचा, ढेकर यांचा.

आणि अश्विन आला. उकाडा. दुपारचे तीन. दामोदरपंतांकडे दोन पाहुणे आले. कशासाठी? सत्काराचं ठरवायला. शाल कुठल्या रंगाची, नारळ शेंडीवाला की सोललेला, मानपत्रात काय लिहायचं. एक पाहुणे देवळाचे पंच, जोशीमास्तर. दुसरा... दुसऱ्याचं मग सांगतो.

‘या या, बसा. अगं, कोण आलंय बघ.’

ओसरीवरून माजघरातून मागचं दार सरळ दिसतं. काकूंची पाठ दिसत होती. पायरीवर, कप हातात, नुकताच भरलेला, वाफ दिसत होती.

‘अगं, चहा टाक.’

पाठ हलली नाही. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. दामोदरपंतांचे कान लाल झाले. मानपत्राचा मसुदा समोर पडलेला, त्यात शब्द होता ‘अखंड नेमनिष्ठ’, आणि आत बायको चहा टाकत नाही. काय करायचं माणसानं? तुम्ही काय केलं असतं?

उत्तर देऊ नका.

दामोदरपंत उठले. आत गेले. मागच्या पायरीपाशी वाकले, आणि काकूंच्या हातातून कप काढून घेतला. अलगद. बशीवर ठेवला. म्हणाले, ‘झालं? आता कप हातात नाही. ऊठ.’

हेडक्लार्क. नियमातून वाट काढणारा माणूस.

काकूंनी रिकाम्या हाताकडे पाहिलं. उठल्या. आत गेल्या. चहा केला, सोबत चकली दिली. पाहुण्यांनी चहा घेतला, ‘वा, चहा काय झालाय’ म्हणाले, निळसर शाल ठरली, शेंडीवाला नारळ ठरला. सगळे गेल्यावर काकू मागं आल्या. कपावर साय. त्यांनी तो कप जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि विसळून ठेवला.

रागावल्या नाहीत. एक शब्द नाही. रात्रीचं जेवण नेहमीसारखं, वरण नेहमीसारखं. दामोदरपंतांना वाटलं, मिटलं. मंडळी, बाई चिडली, भांडी आपटली, तर समजावं मिटेल. बाई काहीच बोलली नाही, तर समजावं तिनं तिथी ठरवलेली आहे.

तिथी होती कार्तिकी द्वादशी.

सकाळी देवळात सभा भरली. पद्धत अशी, की आधी प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, ‘नेम तडीस गेला,’ मग सत्कार. सतरंजीवर दामोदरपंत जरीच्या टोपीत बसलेले. पुढ्यात ताटात शाल, नारळ, आणि बाजूला गुरवांसाठी दोन किलो कारली. एकेक जण सांगत गेला. तडीस गेला, तडीस गेला. मग प्रमिलाकाकू उभ्या राहिल्या.

‘माझा मोडला.’

सभेत कुजबुज. दामोदरपंतांनी मान वर केली. आणि इथं, मंडळी, इथं ह्या गोष्टीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, ती नीट ऐका. ते घाबरले नाहीत. चपापले नाहीत. कारण त्यांना आठवतच नव्हतं. खरंच नव्हतं आठवत. तिचा कप काढून घेतला ही त्यांच्या लेखी काही घडलेली गोष्टच नव्हती. लक्षात ठेवायला घडावी लागते.

त्यामुळे ते अगदी मोकळ्या मनानं कडक झाले. ‘कसा मोडला?’

‘एकानं मोडवला. मी बसले होते. त्यानं उठवलं.’

‘केव्हा?’

‘अश्विनात. पाहुण्यांना चहा हवा होता.’

‘पाहुणे असोत नाहीतर प्रत्यक्ष कलेक्टर असो,’ दामोदरपंत म्हणाले. आवाज चढला. सभा समोर होती, टोपी डोक्यावर होती. ‘नेमात बसलेल्या बाईला उठवतो म्हणजे काय? कुणाच्या घरचं आहे हे? पाटी वाचली नाही त्यानं? कलम एक, आजपासून तुझा नेम पुन्हा चार महिने. आणि कलम दोन. लिहून घ्या मास्तर. त्या इसमानं चार महिने रोज तीन वाजता ह्या बाईच्या हातात चहा करून द्यावा. स्वतः करून. आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत घरातलं दार, फोन, पाहुणा, जे असेल ते त्यानं बघावं. सबब चालणार नाही.’

‘लिहिलं,’ जोशीमास्तर म्हणाले. त्यांनी वहीतून मान वर केली नाही. तो चहा तेही प्यायले होते.

‘आता नाव सांग,’ दामोदरपंत म्हणाले. ‘नाव आल्याशिवाय दप्तरी नोंद होत नाही.’

काकू म्हणाल्या, ‘नाव कसं घेऊ? ते नाव मी नुसतं घेत नाही.’

एवढं ऐकल्यावर बायकांच्या बाजूला आधी उजेड पडला. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. सगळ्यात म्हातारी सरूआत्या, बोळक्या तोंडानं म्हणाली, ‘मग उखाण्यात घे की गं.’

आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्नात घेतला होता, तसा पदर सावरून प्रमिलाकाकूंनी उखाणा घेतला :

‘आलं घातलं ठेचून, दूध घातलं तापवून,
दामोदरपंतांनीच घेतला कप हातातला हिसकावून.’

हिसकावून नव्हता हो घेतला. अलगद घेतला होता. पण उखाण्याला यमक लागतं, आणि बाईला एक्केचाळीस वर्षांचं एकदाच बोलायचं होतं.

देऊळ हसायला लागलं. गुरव हसले, तेही पहिल्यांदाच, कारल्यांकडे बघत. दामोदरपंत टोपी काढून कपाळ पुसत होते. ‘पण,’ ते म्हणाले, ‘पण कप हातात नव्हता. कप बशीत होता. म्हणजे शब्दशः पाहिलं तर—’

बापू शेटे हळूच म्हणाले, ‘पंत, भजीसुद्धा माझ्या हातात नव्हती. जावयाच्या हातात होती.’

दामोदरपंतांनी पाटीकडे पाहिलं. खाली त्यांचीच सही, त्यांचाच शिक्का. मग बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. उभी होती, नुसती, निकालाची वाट बघत. सगळं देऊळ हसतंय आणि एकच माणूस हसत नाही, हे दिसल्यावर त्यांना ते आठवलं. पायरी. वाफ. रिकामा हात. मी त्या सभेत होतो, बघत होतो, मंडळी. आठवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं.

त्यांनी ताटातली शाल बाजूला सारली. म्हणाले, ‘मास्तर, नाव लिहा. निगुडकर. दामोदर निगुडकर.’

शाल त्या वर्षी कुणालाच दिली नाही. कारली मात्र गुरवांना द्यावी लागली. तसा नियमच होता.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, छान. पुढं काय? पाळलं का त्यांनी? ते सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. माघात मी परत कडेपिंपळला गेलो होतो. दुपारी तीनला मुद्दाम त्यांच्या घराची कडी वाजवली. दार उघडंच होतं, बाहेरूनच दिसत होतं सगळं, ओसरी, माजघर, मागचं दार. स्टोव्हवर आधण, त्यापुढं दामोदरपंत, चष्मा कपाळावर. आलं त्यांनी ठेचलं नव्हतं, अख्खं टाकलं होतं; पातेल्यात ते मगरीसारखं तरंगत होतं. चहा गाळला, निम्मा ओट्यावर, निम्मा कपात. दोन्ही हातांत धरून, देवाचा नैवेद्य न्यावा तसा मागच्या पायरीवर नेला.

तेवढ्यात मी पुन्हा कडी वाजवली. आणि काकूंनी कप हातात असतानाच गुडघा उचलला. सवय हो. एक्केचाळीस वर्षांचा गुडघा. तो नेम ऐकतो थोडाच?

‘बस,’ दामोदरपंत म्हणाले. ‘मी बघतो.’

आणि करवादत पुढं आले. ‘ह्या वेळेला कोण मेलं तडमडलंय—अरे, बुवा. या.’

मी आत गेलो. माझ्यासाठी चहा टाकतो म्हणाले. मी म्हटलं, नको. मनापासून म्हटलं, मी ते आलं पाहिलं होतं. मागं जाऊन त्यांनी काकूंना विचारलं, ‘कसा झालाय?’

काकूंनी घोट घेतला. जास्वंदीकडे पाहिलं. शिंजिराची मादी आली होती, फूल बघून जायला. आणखी एक घोट घेतला. मग म्हणाल्या,

‘गरम आहे.’

एवढंच. चांगला आहे म्हणाल्या नाहीत. खोटं कशाला बोलतील? पण शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. दामोदरपंत दाराला टेकून उभे होते. त्यांना ‘गरम आहे’चा अर्थ कळला की नाही, देव जाणे. पण कप रिकामा होईपर्यंत ते बसले नाहीत.

झालं आख्यान. आता माझं एक राहिलं. अश्विनातला तो दुसरा पाहुणा. ज्यानं ओसरीवरून काकूंची पाठ पाहिली, कप काढून घेतलेला पाहिला, आणि तरी चहा घेतला, वर दोन चकल्या घेतल्या, आणि ‘वा, चहा काय झालाय’ म्हणाला. ज्याला ती बाई श्रावणात सांगून गेली होती, शेवटचा घोट गोड असतो म्हणून. तो मी. आख्यानं सांगणारे आम्ही, मंडळी. दुसऱ्याचं तोंड गोड करून येणं हा आमचा धंदा, आणि आमचं कोण गोड करतंय हे आम्ही कधी वळून बघत नाही.

तर उद्या काय सोडणार? कारली स्वस्त आहेत. वांगी सोडा, कांदा सोडा, मी अडवणारा कोण?

पण आत्ता एक करा. जरा मागं वळा. तिकडे, बायकांच्या बाजूला. सुरुवातीला भरलेली होती. माझ्या प्रश्नाला कुणीतरी हसलं, ते मी तिकडूनच ऐकलं होतं. आता बघा, निम्मी सतरंजी रिकामी आहे. कुठे गेल्या? तो आल्याचा वास मघापासून उगीच नाही येत. तुमच्यासाठी, माझ्यासाठी, कीर्तन संपल्यावरच्या चहासाठी त्या उखाण्याच्या आधीच उठून आत गेल्या. दर वर्षी जातात. म्हणजे ही गोष्ट दर वर्षी ज्यांची असते त्यांना तिचा शेवट कधीच ऐकायला मिळत नाही. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांच्या वाट्याला येतो तो थंड.

मी टाळ खाली ठेवलेत. आरती मी सुरू करत नाही. उखाण्यापासून पुन्हा सांगतो, पण त्या बाहेर येऊन बसल्यावर, हातात कप घेऊन. आत पातेलं उकळतंय, गाळणी तिथंच असेल, कपबश्याही असतील. नेलकटरसारख्याच, वर्षानुवर्षं त्याच जागी.

मला घाई नाही. कोण उठतंय?